वरचे वाफे

(दुपार कलली आहे. ओट्यावर पालकाचा ढीग आणि पाण्याची बादली. नणंद-भावजय समोरासमोर बसून जुड्या बांधताहेत. भावजय शाळेत शिकवते, त्यामुळे सगळा गाव तिला बाई म्हणतो.)

नणंद : नुसतं हो काय? मी काय विचारलं ते ऐकलंस तरी का?

बाई : ऐकलं की. शेत रोपवाटिकावाल्याला द्यायचं का, असं विचारलंत. हो म्हटलं.

नणंद : अख्खं?

बाई : अख्खं.

नणंद : पाच वर्षांसाठी मागतोय तो. वर हिरवी जाळी ताणणार, खाली प्लास्टिक अंथरणार. माती दिसायची नाही तुला.

बाई : बरं.

नणंद : अगं, बरं काय! मी येताना सगळं पाठ करून आले. तू असं म्हणशील, मग मी तसं म्हणेन. तू भांडशील, आईचं नाव काढशील, रडशील. दोन रुमाल जास्तीचे आणलेत बॅगेत.

बाई : मग माझ्या वाटचंही तुम्हीच बोला, ताई. मी ऐकते. पण जुडी सैल बांधताय. बाजारात पोचेपर्यंत सुटेल.

नणंद : मला जुडी शिकवू नकोस. तू या घरात यायच्या आधीपासून या ओट्यावर बसलेय मी.

बाई : आणि तेव्हाही सैलच बांधायचात. आई सांगायच्या.

नणंद : आई माझी होती की तुझी?

बाई : जन्माला तुमची. कामाला माझी.

नणंद : बघ, तोंड चालतंय तुझं. म्हणजे आत कुणीतरी आहे. सकाळपासून काय खाल्लंस?

बाई : जेवले.

नणंद : काय जेवलीस?

बाई : ते नाही आठवत. पण ताट घासून पालथं घातलेलं होतं, म्हणजे जेवलेच असणार.

नणंद : मी नर्स आहे, बाई. पेशंट असं बोलायला लागला की आम्ही डॉक्टरांना हाक मारतो.

बाई : मारा. तेही माझ्याच हाताखालून गेलेत. पाढे कच्चे होते.

नणंद : उद्या आईची महिन्याची मिस्सा. चर्चमध्ये तरी नीट वाग. दफनाच्या दिवशी केलंस तसं करू नकोस.

बाई : काय केलं मी?

नणंद : खरंच आठवत नाही? अगं, पेटी वेदीपुढे ठेवलेली. फादर म्हणाले, आपण प्रार्थना करू या. सगळं चर्च उभं राहिलं. आणि तू मागे वळलीस, सगळ्यांकडे एकदा बघितलंस आणि खणखणीत आवाजात म्हणालीस, "बसा."

बाई : मग?

नणंद : मग काय, बसले! अर्धा गाव तुझा विद्यार्थी. बाकांचा असा आवाज झाला एकदम. फादरसुद्धा बसले.

बाई : तो पहिल्यापासून आज्ञाधारक होता. चौथीत मॉनिटर केला होता मी त्याला.

नणंद : मी रुमालात तोंड खुपसलं. लोकांना वाटलं, लेक हुंदके देतेय. हसत होते गं मी. आईच्या पेटीजवळ हसत होते. नंतर घरी येऊन मग पोटभर रडले. तू?

बाई : दुसऱ्या दिवशी शाळा होती.

नणंद : तेच विचारतेय. महिना झाला. तू रडलीस का एकदा तरी?

बाई : वेळ कुठे असतो, ताई? सकाळी भाजी, मग शाळा, मधल्या सुट्टीत घरी, परत शाळा, संध्याकाळी शेत, रात्री लेकीचा हॉस्टेलवरून फोन. रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग. त्यात रडणं बसवायचं कुठे?

नणंद : म्हणून तर म्हणते, शेत देऊन टाक. आई होती तोवर दिवसभर तिचं लक्ष होतं. आता कोण आहे? मघाशी चक्कर मारून आले मी. वरचे वाफे बघितलेस?

बाई : बघते की रोज.

नणंद : काय दिसतं?

बाई : वाफे.

नणंद : चिखल झालाय तिथे! कोथिंबीर मुळासकट कुजलीय, पाय घातला तर घोट्यापर्यंत आत गेला. आणि विहिरीकडच्या वाफ्यांत मुळा तहानेने मान टाकून पडलाय. एकाच शेतात पूर आणि दुष्काळ. हे काय चाललंय?

बाई : पाणी वळलं नसेल.

नणंद : पाणी आपण होऊन वळतं का?

बाई : नाही. वळवावं लागतं.

नणंद : मग कोण वळवतं?

बाई : आई वळवतात.

नणंद : काय म्हणालीस?

बाई : वळवायच्या. वळवायच्या म्हणाले.

नणंद : जुडी ठेव खाली. ठेव. मला नीट सांग, सकाळी काय काय करतेस तू?

बाई : नेहमीचंच. शाळेत जाताना मोटारीचं बटण दाबते. आईंचा हात तिथवर पोचत नव्हता. पाणी आधी वरच्या वाफ्यांत जातं. लहान सुट्टी झाली की ते विहिरीकडे वळवायचं. मधल्या सुट्टीत मी येऊन मोटार बंद करते.

नणंद : आणि लहान सुट्टी झाली हे आईला कसं कळायचं? शेवटी शेवटी तर तिला चर्चची घंटाही ऐकू येत नव्हती. घड्याळ दिसत नव्हतं.

बाई : जवळचं दिसत नव्हतं. लांबचं लख्ख दिसायचं. शाळेची खिडकी दिसायची. मी फडकं झटकायची.

नणंद : कसलं फडकं?

बाई : फळा पुसायचं. लाल आहे. सुट्टीची घंटा झाली की खिडकीतून दोनदा झटकायचं. खाली आई हात वर करायच्या आणि फावडं घेऊन उठायच्या. मुलांनाही माहीत होतं. मी विसरले तर पहिल्या बाकावरची पोरगी आठवण करायची, "बाई, आजी वाट बघतायत."

नणंद : आणि आता?

बाई : आता कुणी आठवण करत नाही.

नणंद : ते नाही विचारलं मी. आता तू ते फडकं झटकतेस का?

बाई : पालकावर पाणी शिंपडा थोडं.

नणंद : बाई.

बाई : झटकते.

नणंद : रोज?

बाई : शाळा असते त्या दिवशी.

नणंद : कुणाला झटकतेस गं?

बाई : तेव्हा तसं लक्षात येत नाही, ताई. घंटा होते, हात जातो. मग मी वळते, भागाकार शिकवायला लागते. डोक्यात असतं, पाण्याचं काम झालं.

नणंद : पण मधल्या सुट्टीत घरी येतेस ना मोटार बंद करायला? तेव्हा तर दिसत असेल, वरचे वाफे तुडुंब भरलेत.

बाई : दिसतं.

नणंद : मग काय वाटतं तुला?

बाई : वाटतं, आईंना आज डुलकी लागली वाटतं.

नणंद : देवा.

बाई : मग मोटार बंद करते आणि शाळेत जाते. दोरा द्या इकडे, माझा संपला.

नणंद : दोरा काय मागतेस! थांब जरा. हे दार कुणी उघडलं?

नवरा : मी. बस डेपोत लावली. चहा आहे का?

नणंद : ये, ड्रायव्हरसाहेब, ये. तुझ्या बायकोचं काय चाललंय ते ठाऊक आहे का तुला?

नवरा : काय?

नणंद : शाळेच्या खिडकीतून फडकं झटकते. आईला.

नवरा : हां.

नणंद : हां? म्हणजे तुला माहीत आहे?

नवरा : सकाळच्या पाळीला माझी बस तिथूनच जाते. लहान सुट्टीच्या सुमाराला. लाल फडकं दिसतं.

नणंद : आणि तू नुसता बघत पुढे जातोस?

नवरा : नाही. थांबतो.

बाई : कुठे थांबता?

नवरा : शेताच्या बांधाला. बस कडेला घेतो, उतरतो, पाणी विहिरीकडे वळवतो, परत चढतो.

नणंद : पॅसेंजर भरलेले असताना?

नवरा : भरलेलेच असतात त्या वेळी.

नणंद : ते काही बोलत नाहीत?

नवरा : कंडक्टर त्यांना सांगतो, ड्रायव्हरचं पोट बिघडलंय.

नणंद : महिनाभर?

नवरा : एका आजीने ओव्याची पुडी दिली परवा.

बाई : म्हणून. मला वाटायचं, काही दिवस बरोबर होतं आणि काही दिवस नाही, असं का?

नवरा : दुपारची पाळी असली की मला जमत नाही.

बाई : मला वाटायचं, त्या दिवशी आईंना बरं असतं.

नणंद : ऐकलंस? ऐकलंस ही काय म्हणते? अरे, तुला तोंड नव्हतं का? एकदा सांगायचंस तिला, बाई, आई गेली, फडकं झटकू नकोस.

नवरा : सांगितलं असतं तर बंद झालं असतं.

नणंद : बंदच व्हायला हवं होतं!

नवरा : हां.

नणंद : हां काय?

नवरा : फडकं दिसलं की मी आधी खाली बघतो. शेतात. मग उतरतो.

नणंद : एक झटकतेय, दुसरा उतरतोय. आणि मी तिकडे सगळ्यांना सांगत सुटलेय, माझ्या भावाचं घर आईनंतर छान सावरलं. जा, चहा ठेव. माझ्यात साखर घालू नकोस.

नवरा : बाई, तुझ्यात?

बाई : मी मघाशी घेतला.

नवरा : कप कोरडा आहे.

बाई : मग नसेल घेतला. टाका थोडा.

नणंद : इकडे बघ. माझ्याकडे बघ. उद्या मिस्सा झाली की तो रोपवाटिकावाला बाहेर पायरीवर उभा असेल. त्याला मी शब्द द्यायचा आहे. शेतात माझंही नाव आहे, पण राबलीस तू. तू हो म्हणालीस ते ऐकून मला काही बरं वाटलेलं नाही. मला तुझं हो नको. तुझं काय आहे ते सांग.

बाई : माझं काही नाही, ताई. खरंच सांगते. मी आत बघते तर काही नसतं. सुट्टीतल्या वर्गासारखं. बाक आहेत, फळा आहे, मुलं नाहीत. तुम्ही का रडताय?

नणंद : रुमाल दोन आणलेत, एक तरी वापरू दे.

बाई : शाळा सोडायचं जमेल का, तेही बघितलं मी मनात. जमेल. शेत सोडायचं बघितलं. तेही जमेल. सगळंच जमतं. मला त्याचीच भीती वाटते.

नवरा : चहा. कप गरम आहे, दांड्याला धरा.

नणंद : तू सांग रे. शेत द्यायचं की नाही?

नवरा : मला विचारू नका. मी बस चालवतो.

नणंद : भेकड.

नवरा : हां. पण त्याला अख्खं नकोच आहे. डेपोत बोलला माझ्याशी. त्याला पाण्याजवळचं हवंय, विहिरीकडचं. आपण अर्धं देणार नाही असं वाटून अख्खं मागतोय.

नणंद : आणि हे आत्ता सांगतोस?

नवरा : आत्ता विचारलंत.

बाई : मग विहिरीकडचे वाफे द्या त्याला.

नणंद : काय?

बाई : विहिरीकडचे द्या. वरचे नाही.

नणंद : अगं, वरचे तर कुजलेत! चांगली जमीन देतेस आणि चिखल ठेवून घेतेस? लोक हसतील.

बाई : हसू द्या. वाळेल चिखल. पुन्हा बी टाकता येतं.

नणंद : पण वरचेच का? धड कारण तरी सांग.

बाई : शाळेच्या खिडकीतून वरचेच नीट दिसतात.

नवरा : चहा निवतोय, ताई.

नणंद : निवू दे. बाई, हे 'नाही' तू मनापासून म्हणालीस ना? वरच्या वाफ्यांना? म्हणजे नाही म्हणालीस ना तू?

बाई : नाही म्हटलं.

नणंद : परत म्हण.

बाई : नाही. वरचे देणार नाही. झालं? तुम्ही मुलांचा धडा घेतल्यासारखं करताय.

नणंद : झालं. सांगते उद्या पायरीवर. विहीर सामाईक राहील. पण मग पाणी वळवायचं कामच उरत नाही. एकच बाजू. शाळा सुटली की मोटार लावायची, शेतातलं काम आटोपलं की बंद. ह्याची बस थांबायला नको, पोट बिघडायला नको.

नवरा : ओवा उरलाय अजून.

नणंद : तू गप्प बस. आणि ते फडकं, बाई. ते आता लागणार नाही.

बाई : फळा पुसते ना मी, ताई. झटकावं तर लागेलच.