निर्माल्यातली रोपं

—नाही नाही, पानाला धरून उचलू नका, ग्लासला धरा. हां, असं. पान तुटलं तर दुसरं येतं, मूळ दुखावलं तर महिनाभर तोंड पाडून बसतं ते. आणि बसा ना ताई, उभ्या का? ती खुर्ची डुगडुगते, पण मोडत नाही, गेले सहा महिने मलाच झेलतेय. लिफ्ट बंद आहे हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं — पाच मजले — पाणी देते, थांबा स्वल्प. तुम्ही पुण्याकडच्या ना? बोलण्यावरून कळलं. आमची मराठी ऐकून हसू येत असणार तुम्हाला. येऊ दे. साडेतीनशे वर्षं झाली आमच्या माणसांना इथे येऊन, एवढ्या वर्षांत कन्नड मिसळायचंच. माझ्या ऑफिसात एक सोलापूरचा आहे, तो म्हणतो, संहिता, तू बोलतेस की भांडतेस? मी म्हटलं, ते समोर कोण आहे त्यावर.

पैसे नकोत. फोनवरच्या झाडांच्या ग्रुपवर लिहिलंय ना फुकट, मग फुकट, पर्स बंद करा. अट एकच आहे. या ऑर्किडला फूल येईल तेव्हा — दोन वर्षं लागतील, तीनही लागतील — फोटो काढून ग्रुपवर टाकायचा आणि खाली नाव लिहायचं. श्यामला. दुसरं कुठलंही नाव कुणी सांगितलं तरी ऐकायचं नाही, माणूस कितीही म्हातारा असो, कितीही गोड बोलो. श्यामला. माझ्या आईचं नाव आहे ते. तुम्ही तेराव्या. बारा गेली इथून — बनशंकरी, मराठहळ्ळी, एक तर म्हैसूरला. येलहंक्याला जे पहिलं गेलं, सगळ्यांत जुनं, त्यानं यंदा फुलाचा दांडा धरलाय, परवाच फोटो आला, मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन चारदा बघितला.

आता नीट ऐका, कारण लोक इथे मान हलवतात आणि घरी नेऊन मारून टाकतात. हे मॉस, वाळवलेलं शेवाळ. भिजवायचं आणि मग घट्ट पिळायचं, धुतलेला रुमाल पिळतो तसं — हाताला ओल लागली पाहिजे, पाणी नाही. ग्लास पारदर्शकच हवा, आतली मुळं दिसली पाहिजेत. हिरवी असली की पोट भरलंय. रुपेरी झाली की तहान लागलीय, तेव्हाच घालायचं. ऊन सकाळचं, तेही पडद्याआडून. जानेवारीत हवा कोरडी होते म्हणून ही भोकं पाडलेली पिशवी वरून घालायची, दोन दिवसांनी तासभर काढायची. खत सहा महिने नको. आणि रोज हलवून बघायचं नाही, रुजलंय का, रुजलंय का. आमच्या घरातले मोठे लोक तसे आहेत. पोरीला रोज उपटून बघणार — शिकतेय का, स्थळ बघतेय का, कुणाशी बोलतेय — आणि वर म्हणणार, हिचं कुठे मूळच धरत नाही.

कुठून आणलं? आणलं नाही, आईनं केलंय. आई येलहंक्याच्या पुढे एका टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये होती. बाटल्या धुवायला लागली आणि दहा वर्षांत बी पेरण्यापर्यंत पोचली. बी.एस्सी. होती हो ती, पण आमच्याकडे ते लग्न ठरेपर्यंत सांगण्यापुरतं. ऑर्किडचं बी म्हणजे पीठ असतं, मैद्यासारखं, मातीत टाकून उगवत नाही, बाटलीत जेलीसारख्या खाद्यावर पेरावं लागतं. आईनं गच्चीतल्या दोन झाडांचा संकर केला, काडीनं. शेंग धरली, ती जपली, तिथल्या मॅडमना विचारून एक बाटली पेरली. चाळीस रोपं आली. बाहेर काढल्यावर एकेक करत गेली, उरलं एक. त्याला फूल यायला सहा वर्षं लागली. आणि आलं ते असं — हळदीच्या पाण्याचा पिवळा असतो ना, फिकट, तसा, आणि मधल्या ओठावर जांभूळ खाल्ल्याचा डाग. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आई त्या दिवशी कामाला गेली नाही. खुर्ची घेऊन समोर बसून राहिली नुसती.

मग काका. गुरुराजकाका, वडिलांचे थोरले भाऊ, जयनगरला घर आहे आमचं, ते तळमजल्यावर, आम्ही वर. बँकेतून रिटायर, बागवाल्यांच्या कुठल्याशा मंडळाचे उपाध्यक्ष. म्हणाले, प्रदर्शनाला नेऊ या. नेलं. कार्डावर काय लिहिलं? 'गुरुराज गोल्ड'. लागवड — गुरुराज. कप मिळाला. पेपरातली एक मुलगी घरी आली, तिनं विचारलं, घरचे मदत करतात का? काका म्हणाले, 'घरातल्या बायका पाणी घालतात.' मी तिथेच उभी होते, कॉफीचा ट्रे घेऊन. आई हसली. नंतर मला म्हणाली, असू दे गं, झाड घरातच आहे ना. घरात कुठलं — झाड खाली, ग्रिलच्या आत, कुलपात. अख्ख्या राज्यात एकच आहे म्हणून सांगायचे. कुणी पिल्लू मागितलं की हात जोडायचे. आईनं मागितलं, ताई. आईनं. तर म्हणाले, 'श्यामला, एकच आहे म्हणून तर मान आहे त्याला.' वडील पेपर वाचत होते. वडील कायम पेपर वाचत असतात.

पण देवापुढे काकांचं काही चालत नाही. रामनवमीला फुलांचे दांडे बुडापासून कापून रामाच्या पायाशी — तीन असोत, चार असोत, सगळे. जे उत्तम ते देवाला. हे त्यांचं खरं आहे, ते मी नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी ते निर्माल्य. आणि निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, कुणाच्या पायाखाली येता कामा नये, झाडाच्या बुडाशी नेऊन ठेवायचं, आणि हे काम घरातल्या पोरीचं. ज्याची एक पाकळी कुलपाबाहेर जाऊ देत नव्हते ते दांडे काका स्वतःच्या हातानं ताटात घालून मला द्यायचे. त्यांना माहीतच नव्हतं की दांडा जिवंत असतो. त्यांच्या लेखी देवाला वाहिलं, वाळलं, संपलं.

दांड्याला गाठी असतात, उसाला असतात तशा. प्रत्येक गाठीवर एक पापुद्रा आणि त्याच्या आत झोपलेला डोळा. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे कुणी येत नाही. तिथे बसून मी टाचणीनं पापुद्रे सोलायची, डोळ्याला हार्मोनची पेस्ट लावायची, टूथपिकच्या टोकावर राहील एवढीच, आणि दांडे पाण्याच्या बाटलीत उभे करायची. पहिल्या वर्षी सगळे काळे पडले. दुसऱ्या वर्षी एका डोळ्यातून पान निघालं आणि मी त्या बाटलीसमोर बसून — जाऊ दे ते. पान, मग दुसरं पान, मग बुडाशी मुळाचं टोक. मूळ दोन बोटं लांब झाल्याशिवाय दांड्यावरून तोडायचं नाही. मी घाई केली, दोन गेली. पाच रामनवम्या झाल्या अशा. पाच वर्षं मी त्यांच्या पाया पडून ते ताट घेतलंय. ते डोक्यावर हात ठेवायचे, चांगलं स्थळ मिळू दे म्हणायचे, मी म्हणायची, सरी काका — बरं काका.

मग काय करायचं होतं? भांडून बघितलंय मी, आईच माझं तोंड दाबते. त्यांना एकच हवं आहे ना, मग मी ते सगळीकडे करणार. इथून येलहंक्यापर्यंत प्रत्येक खिडकीत — सलूनमध्ये, इडली-कॉफीच्या दर्शिनीत काउंटरवर, झेरॉक्सच्या दुकानात — ते पिवळं फूल दिसलं पाहिजे. मान कसला राहतो बघते. आणि हे त्यांच्या हयातीत व्हायला हवं. चौऱ्याहत्तर वय आहे त्यांचं, म्हणून घाई.

मूळ झाड? नाही, ते बघायला नाही मिळणार. ते आता नाही. आषाढात गेलं. कुजलं. हे बघा, पानं जिथून निघतात तिथे मधोमध वाटीसारखं असतं ना, तिथे पाणी साठून राहिलं की आतून सडतं. काकांना कुठलं माहीत असायला? त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दोन्ही डोळ्यांचं, पाठोपाठ. महिनाभर काळा चष्मा लावून आतल्या खोलीत. आई धारवाडला मावशीच्या दुखण्याला गेली होती. मग ग्रिलची किल्ली त्यांनी मला दिली. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, 'संहिता, रोज सकाळी तांब्याभर, डोक्यावरून घाल, देवाला अभिषेक घालतो तसं. बायका कुंडीत ओततात ते चूक आहे.' मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलंय, ताई. मी म्हटलं, सरी काका.

तीस दिवस. रोज तांब्याभर, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. जन्मात त्या माणसाचं एवढं कधी ऐकलं नव्हतं मी. सांगितलं तसं केलं, यात माझं काय चुकलं? बाविसाव्या दिवशी मधलं पान हातात आलं, वरून हिरवंगार, बुडाशी मऊ. ते मी परत जागेवर खोचून ठेवलं. आणि पुढचे आठ दिवस — हो. घातलं. असं बघू नका माझ्याकडे. पिल्लं होती ना माझ्यापाशी. झाड संपलं नव्हतं, फक्त त्यांचं संपलं होतं.

मला वाटलं ओरडतील. मी पाच वर्षांची उत्तरं तयार ठेवली होती. ते कुंडी घेऊन वर आले. ते कधी वर येत नाहीत, आम्ही खाली जातो. एका हातात कुंडी, एका हातानं कठडा धरून, एकेक पायरी. आई आदल्याच दिवशी परत आली होती. तिच्यासमोर कुंडी ठेवून म्हणाले, 'श्यामला, तुझं झाड माझ्या हातून मेलं. मीच सांगितलं पोरीला, डोक्यावरून घाल म्हणून.' तुझं झाड. कार्डावर नाही, कप घेताना नाही, पेपरात नाही — मेल्यावर. आईनं सडलेलं कापून दालचिनीची पूड लावली, पंखा लावून ठेवला, सगळं केलं. शेंड्यात बोट घालून बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, तीस. त्यानंतर आई बोलत नाही. म्हणजे फोन उचलते. जेवलीस का विचारते आणि ठेवते. म्हणून ही के. आर. पुरमची खोली.

आईला एक का नाही दिलं? ते मला विचारायचं नाही कुणी. दिलं असतं तर दोन दिवसांत ती खाली नेऊन देणार — मोठे आहेत, त्यांना किती वाईट वाटलंय बघ. ओळखते मी तिला. परत ते ग्रिलमध्ये, परत कार्ड. मेलं तेव्हा तुझं म्हणाले. फुललं असतं तर कुणाचं म्हणाले असते? ते सांगा मला.

बरं. पिशवी देते, थांबा. तुमची बाल्कनी कुठल्या दिशेला? तुमच्याकडे नाही लावणार? मग कुणाकडे? कोण आजोबा — कुठल्या पार्कात.

जयनगरच्या.

नाव काय म्हणालात त्यांचं?

आणि हे तुम्ही अर्धा तास ऐकून घेतलंत. मधे एकदा तरी बोलायचं होतं, ताई. मी बोलू दिलं नाही, तेही आहे. त्यांना माहीत आहे का मी देतेय ते? नाही ना. ग्रुपवरच्या फोटोतलं रोपाचं पान तुम्ही दाखवलंत आणि त्यांनी ओळखलं. आता दिसतंय म्हणजे त्यांना. कशाला हवंय म्हणाले? नाही, तुमच्या शब्दांत नको, ते काय म्हणाले ते सांगा. नीट आठवा.

'भावजयीचं आहे, तिला परत करायचंय.'

असं म्हणाले. परक्या माणसापाशी.

नाही, खाली ठेवू नका. घ्या. घ्या म्हणते ना, पिशवीत सरळ राहील असं धरा. पण त्यांच्या हातात द्यायचं नाही. गेट उघडलं की डावीकडे जिना आहे. खाली थांबायचं नाही — त्यांनी बोलावलं तरी नाही, कॉफी ठेवली तरी नाही — सरळ वर जायचं आणि आईच्या हातात द्यायचं. तिच्या हातात गेलं की मग खाली या आणि त्यांना सांगा. काय म्हणजे? सगळं. तांब्या, तीस दिवस, पान परत खोचलं ते. मला जमणार नाही, तुम्ही सांगा. मी माफी मागतेय असं सांगू नका, कारण मी मागत नाहीये. पण ते सहा महिने बसलेत, आपल्या हातून मेलं म्हणत. आपल्या हातून कसलं? ते झाड मी मारलंय. त्यावरही स्वतःचं नाव घालायचं नाही, म्हणावं.

झालं. जा आता तुम्ही. जा म्हटलं ना.