लिंडनखालचे तेलाचे डाग

—बाकावर नका ठेवू, आत्ताच पुसलाय. तिथं पुठ्ठ्यावर ठेवा. हं, आता सांगा, काय म्हणालात, तेल गळतं? अहो, चेनसॉ म्हटली की थोडं गळणारच — साखळीला तेल पाजणं तिचं कामच आहे, बंद केली तरी चार थेंब पडतात. त्यात तुम्ही सुट्टीला येणारी माणसं, तापलेली करवत तशीच डिकीत टाकता, मग टाकीत दाब धरतो आणि तेल वाट काढतं. काम झालं की टाकीचं झाकण एकदा सैल करायचं — वीस वर्षं करवती दुरुस्त करतेय, वीस वर्षं हेच सांगतेय, ऐकतं कोण? बघू इकडे — नाही हो, हे चार थेंब नाहीत, पुठ्ठा भिजला की. आतली नळी फाटलीय. आणि हे आजचं दुखणं नाही, दोन-तीन वर्षांचं तरी असेल.

कॉफी घ्या, ओतलीय. माझ्या दिराची करवत अशीच गळायची. सिक्स्टेन, कुंपणापलीकडचं शेत त्याचं. माझा नवरा गेला, रूने, तेव्हा शवपेटीला पहिला खांदा त्याचा होता — आणि आज दोन वर्षं आमच्यात बोलणं नाही. का म्हणजे? त्यानं माझं लिंडनचं झाड पाडलं. अंगणाच्या टोकाला होतं, तळ्याकडच्या उतारावर. सासू म्हणायची, घराची राखण करणारं झाड आहे, त्याचं पानसुद्धा ओरबाडायचं नाही. रूनेच्या पणज्यानं लावलेलं. ईस्टरला मी बहिणीकडे कार्लस्टाडला गेले, चार दिवस फक्त, परत आले तर आडवं. शेजारी उरलेल्या बर्फात तेलाचे पिवळे डाग, तीन — तीनदा करवत खाली टेकवलेली. आधल्याच आठवड्यात सिक्स्टेन गळकी करवत दाखवायला आला होता, मीच म्हटलं, चार थेंब गळणारच, ने परत. शिवाय त्याच्या बटाट्यांवर सावली पडते म्हणून वर्षानुवर्षं कुरकुरायचा. आणखी काय पाहिजे? म्हणाला, वहिनी, मी नाही. मी दार लावून घेतलं.

पण मी सोडलं नाही त्याला. रानातल्या मूस हरणांच्या शिकारीची आमची टोळी आहे ना, तीस वर्षं त्यात होता तो, जगायचाच त्या ऑक्टोबरातल्या शिकारीसाठी. गेले प्रमुखाकडे, टॉर्गनीकडे — म्हटलं, विधवेचं झाड चोरून पाडतो, अशा माणसाच्या बंदुकीपुढे तुम्ही पाठ करून उभे राहणार? झालं. बैठकीत सगळ्यांनी हात वर केले, काढला त्याला. आता रानात गोळी वाजली की खिडकीत बसलेला दिसतो, आणि कुत्रा साखळीला हिसके देत भुंकत असतो. बरं वाटतं मला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटतं. अजून हिवाळ्यात माझ्या वाटेवरचा बर्फ ट्रॅक्टरनं काढून जातो, न बोलता — मन खातं, दुसरं काय. निर्दोष माणूस कशाला काढेल?

बन घ्या ना. तुमचं घर कुठलं म्हणालात — आमच्या मागच्या टेकडीवरचं? तीन वर्षं झाली घेऊन? चांगलं आहे घर, फक्त तिथून तळं दिसत नाही — काय? दिसतं? स्वयंपाकघरातून? पलीकडचं चर्चही?

नाही दिसत. माझं माहेरही ह्याच गावातलं, लहानपणी मी त्या घरी दूध पोचवायचे, रोज, त्याच स्वयंपाकघरात. खिडकीतून लिंडन दिसायचं. नुसतं लिंडन.

कधीपासून दिसतं चर्च?

कप खाली ठेवा. करवतीला हात लावू नका. त्या ईस्टरला तुम्ही इथं होतात — विचारत नाहीये मी. झाडाचे पैसे देता? पाकीट आत ठेवा. टोळी जमवेन मी, टॉर्गनीसमोर तुमच्या तोंडून एकेक शब्द वदवून घेईन, आणि मग ह्या गावात तुम्हाला कोण वाटेतला बर्फ काढून देतो ते बघतेच. पण आधी दुसरं. थांबा. दोन वर्षांत हा नंबर लावला नाही, पण बोटांना पाठ आहे.

सिक्स्टेन? वहिनी बोलतेय — ऐक, ठेवू नकोस. सिक्स्टेन?

ठेवला त्यानं.

उठा. करवत घ्या. गाडीत नाही, हातात. त्याच्या दारापर्यंत चालत जायचंय. तुम्ही पुढे व्हा.