प्रिन्स टॉलबर्ट यांच्या कबरीवरील झेंड्याबाबत

दि. २६ एप्रिल २०२२

मी, व्हर्लीन टॉलबर्ट, वय ६४ वर्षे, धंदा – पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात स्वयंपाकीण, सध्या घरीच, राहणार शेडी ग्रोव्ह रस्ता, हार्लो काउंटी, मिसिसिपी, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझी सख्खी आत्या लुएला टॉलबर्ट, वय ९२, शेजारच्या घरात राहते. तिचं जेवणखाण मी पाहते. माझ्याविरुद्ध यापूर्वी कुठलीही तक्रार नाही.

रविवार दि. २४ रोजी चर्चमधली प्रार्थना आटोपून दुपारी पावणेदोनच्या सुमारास मी मागच्या कबरस्तानात आईच्या कबरीवर फुलं ठेवायला गेले. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं मी आत गेले नव्हते. कुंपणाकडच्या रांगेत माझे पणजोबा प्रिन्स टॉलबर्ट यांची कबर आहे. तिथं पूर्वी नुसता सिमेंटचा ठोकळा होता, नाव नव्हतं. आता पांढरा संगमरवरी दगड उभा दिसला. त्यावर त्यांचं नाव आणि खाली ‘सैनिक, दक्षिणेची फौज’ असं कोरलेलं होतं. पुढं काठीला लावून झेंडा रोवला होता. लाल कापड, निळी फुली, पांढरे तारे. यादवी युद्धात गुलामगिरी राखायला लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचा तो झेंडा, हे या ठाण्यात कोणाला सांगायला नको.

मी तो उपटला. का उपटला असं साहेबांनी विचारलं. हात गेला, एवढंच सांगता येतं. उपटल्यावर तो ठेवायचा कुठं ते कळेना. जमिनीवर टाकवेना, हातात धरवेना. मी तो काठीसकट काखेत मारून उभी राहिले.

तेवढ्यात मिस्टर हॉलिस यारब्रो, वय अंदाजे ७८, हातात बादली आणि ब्रश घेऊन आले. त्या फौजेतल्या जुन्या सैनिकांच्या वंशजांची जी मंडळी आहे तिच्यातले ते. मी त्यांना तोंडओळखीनं ओळखते.

ते म्हणाले, “बाई, तो झेंडा आमचा आहे.”

मी म्हणाले, “आणि कबर कोणाची?”

“टॉलबर्टांपैकी का तुम्ही? बरं झालं भेटलात. अकरा वर्षं मी ही कबर घासतोय. तुमच्यातलं कोणी इथं दिसलं नाही कधी.”

मी म्हणाले, “ते सैनिक नव्हते. रांधायचे. पंधरा वर्षांचे होते, तुमच्या लोकांनी युद्धावर नेलं त्यांना.”

“माझ्या पणजोबांबरोबर होता तो. ते लढाईत पडले तेव्हा प्रिन्सनं त्यांचं प्रेत गाडीत घालून घरी आणलं. वाटेत पळून जाता आलं असतं, नाही गेला. त्याला तुम्ही काय म्हणाल?”

“त्यांची आई तुमच्याच घरी होती ना. तिला सोडून कुठं जाणार होते?”

मिस्टर यारब्रोंनी बादली खाली ठेवली. मग म्हणाले, “हे मला कोणी सांगितलं नाही.”

“आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.”

त्यांनी झेंड्यासाठी हात पुढे केला. मी “घ्या” म्हणाले, पण सोडला नाही. त्यांनी ओढला. मीही ओढला. काठी मोडली आणि तिची ढलपी त्यांच्या उजव्या तळव्यात घुसली. ते मटकन खाली बसले. ते रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतात, त्यामुळे रक्त थांबेना. मी बादलीतल्या पाण्यानं हात धुतला आणि डोक्याचा स्कार्फ सोडून घट्ट बांधला. झेंड्याचं कापड हाताशी होतं, ते वापरायचं मला सुचलं नाही. त्यांनीही तसं म्हटलं नाही.

त्याच वेळी त्यांची मुलगी गाडी घेऊन आली. ती ओरडली, “माझ्या वडिलांना ढकललंस!” ते म्हणाले, “अगं, तिनं नाही ढकललं.” ती म्हणाली, “बाबा, तुम्ही गप्प बसा!” मी घाबरून माझ्या गाडीनं निघाले. घरी पोचल्यावर पाहते तो झेंडा शेजारच्या सीटवर. तो तिथं मीच ठेवला असणार. ठेवल्याचं आठवत नाही.

मी तडक आत्याकडे गेले. म्हटलं, “तुझ्या आजोबांच्या कबरीवर त्या लोकांनी दगड बसवलाय, झेंडा लावलाय. आपल्याला विचारलंसुद्धा नाही.”

आत्या म्हणाली, “मला विचारलं.”

“आणि तू हो म्हणालीस?”

“तो आला, पायरीवर उभा राहिला. टोपी काढून हातात धरली. पोरी, माझ्या आयुष्यात कुठल्या यारब्रोनं माझ्यापुढं टोपी काढली नव्हती. काय विचारतोय ते ऐकायच्या आधीच मी हो म्हणून गेले.”

मी सैनिक या शब्दाबद्दल बोलले. ती म्हणाली, “नाव नीट लिहिलंय ना? मग झालं.” आणि तोंड फिरवून बसली. त्या दिवशी ती जेवली नाही.

हा झेंडा पाहून आधी कधी त्रास झाला का, असं साहेबांनी विचारलं. शाळेत मी एकतीस वर्षं काम केलं. दारातल्या राज्याच्या झेंड्यावर कोपऱ्यात हीच फुली होती. रोज सकाळी त्याखालून मी आत जायचे. माझा भाऊ शाळेच्या फुटबॉल संघात होता, त्याच्या फोटोत मागं हाच झेंडा आहे आणि तो फोटो अजून माझ्या भिंतीवर आहे. दोन वर्षांपूर्वी राज्यानं झेंडा बदलला तेव्हा मला आनंद झाला. आधी इतकी वर्षं राग मात्र आला नव्हता.

आज सकाळी मी ठाण्यात आले तेव्हा मिस्टर यारब्रो बाहेर बाकावर बसले होते. हाताला बँडेज होतं. मुलीनं माझ्याविरुद्ध दिलेली तक्रार आपल्याला मान्य नाही, असं लिहून द्यायला ते आलेत. मला म्हणाले, “दगड बदलून आणतो. सैनिक नको म्हणता, तर तिथं काय लिहू?”

मी ‘स्वयंपाकी’ म्हणणार होते. मग वाटलं, पगार घेऊन नोकरीला होते असं वाचणाऱ्याला वाटेल. ‘गुलाम’ शब्द तोंडात आला, पण तो दगडावर कायमचा कोरलेला आत्या बघेल, म्हणून गिळला. “सांगते,” म्हणाले. ते “ठीक आहे, मी आहे इथं,” म्हणाले. अजून बाहेरच बसलेत.

झेंडा मी आणून दिला आहे. काठी मोडकी आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार आहे का असं विचारलं असता, विचार करून सांगते असं सांगितलं.

माझा जबाब साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. एका ठिकाणी ‘झेंडा चोरला’ असं होतं, ते खोडून ‘झेंडा नेला’ करून घेतलं. बाकी मी सांगितलं तसंच आहे.

सही/-
व्हर्लीन टॉलबर्ट