आप्पांची छाती आणि बंद माग

आमच्या विणकरांच्या वडगावात घरोघरी यंत्रमाग, त्यामुळं डॉक्टर घरी आले की आधी मागाशी भांडण ठरलेलं. आप्पांची, म्हणजे माझ्या वडलांची, छाती धडधडायला लागली म्हणून मी गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आलतो. त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि वैतागल्या. "छातीचं काही ऐकूच येईना, नुसतं खटाखट खटाखट! माग बंद करा बघू."

मी बटण दाबलं, तसे आप्पा ताडकन उठून बसले. "काय झालं रं? धागा तुटला?"

"आप्पा, पडून राहा! अहो, आता तर जास्तच धडधडतंय," बाई म्हणाल्या.

"माग थांबल्यावर धडधडणारच की!"

जरा वेळानं ठोके जाग्यावर आले. "भ्यायचं काही कारण नाही," बाई म्हणाल्या, पण आप्पांना पटेना. शेवटी बाईंनी स्टेथोस्कोपच्या नळ्या आप्पांच्याच कानात घातल्या. "ही चकती छातीतला आवाज धरते आणि नळीतनं कानात आणते. तुम्हीच ऐका."

आप्पांनी मन लावून ऐकलं. चेहरा एकदम खुलला. "व्हय की, माझा आतला माग झ्याक चालू हाय!"

मग नळ्या काढून माझ्याकडं वळले. "मग त्यो कशाला बंद ठेवलायस रं?"