टोळाच्या पिठाची तार

…तर आधी ते खाजवणं बंद करा! तुमाला सांगतो, टोळाचं नाव काढलं की अख्खं गाव खाजवायला लागतं, मग माझ्यासारख्या कंपाउंडरनं वळखायचं कसं, खरं कोणाला सोसंना अन् ढोंग कोणाचं? हसा, हसा! मागच्या म्हैन्यात मी बी हसलो होतो. औरंगाबादचा सायब पिठाची पुडी घेऊन आला, म्हणे, "संतराम, टोळात मटणाची ताकद असते. वाळवायचे, दळायचे, लेकरांच्या लाडवात घालायचे. पण ज्याला सुकट सोसत नाही त्याला हेही सोसणार नाही. आधी तपास!"

तपास कसा? दंडावर सुईनं ओरखडा, वर पिठाचं पाणी, अन् वीस मिनटं बघत बसायचं. वीस मिनटं! तेवढ्यात म्हैस व्याते, पण आपली धुरपताबाई गप बसत न्हाई… "काहून टोचून राहिला रे मला?" अन् बोलता बोलता बाईचा व्हट सुजला, वांग्यावानी! गळ्यातून शीळ वाजायला लागली… वाचली म्हणा. आणखी तिघांच्या अंगावर लाल चट्टे फुगले, ह्या मोठाल्या गांधी. तवा माझं हसू पळालं. खाजवू नका म्हणलं ना!

धावत हिंगोलीला गेलो, सायबाला तार लिहिली, 'साखऱ्यात चौघांच्या अंगावर गांधी उठल्या. ताबडतोब थांबवा.' तारबाबूनं वाचलं, खिडकी अर्धी लावली. "गांधी? उठल्या? और थांबवा? अरे, आणीबाणी है! तुम भी अंदर, मैं भी अंदर!" आता तुमीच सांगा, दंडावरची गांधी त्याला दाखवू कशी? भ्यालो. खोटं काहून बोलू, लई भ्यालो! शब्द खोडला अन् लिहिलं, 'चौघांना पित्त झाले.' 'थांबवा' बी खोडलं, अन् पिठाचं नाव लिहायचं राह्यलंच.

आलं ना उत्तर! 'पित्तावर सोड्याच्या गोळ्या पाठवत आहोत. पीठही सोबत.'

ते पोतं आज सकाळी आलं. मी सेनगावला. सैपाकाच्या पद्माबाईला काय ठाव, पीठ कशाचं? तिनं गूळ घातला, लाडू वळले लेकरांसाठी, अन् लेकरं शाळेतून यायच्या आत तुमी मोठ्यांनीच हात मारला… न्हाई, उठू नका! पळू नका! उरलेले लाडू कुलपात हायेत, डॉक्टरला आणायला जीप गेलीय. तवर बसायचं अन् बघायचं. उगंच का मघापासून बडबड करून राहिलो? तुमाला बसवून ठेवायचं होतं, वीस मिनटं. अजून चार राह्यलीत.

मुंजाजी, मान काहून खाजवून राहिला? गंमत करतो ना? …गंमतच ना रे?

काय म्हणता, मी? आता काय सांगू… आल्या आल्या तुपाचा वास आला, दोन लाडू मी बी खाल्ले, मग पोत्यावरची 'टोळाचं पीठ' अशी चिठ्ठी वाचली. मघापासून हात मागं बांधून उभा हाय.

खाजवा बाबांनो… खाजवा आता.