मागचं दार

मालाडच्या त्या मुलींच्या शाळेत पहिलीचे फॉर्म चाळीसच मिळणार होते. शाळा भरायची त्या जुन्या साहेबी बंगल्याच्या पायऱ्यांवरच्या रांगेत निलेश एकोणचाळिसावा होता. पुढची मालन आणि मागे नुकत्याच धापा टाकत आलेल्या इनेझ आंटी त्याच्या खांद्यावरूनच बोलत होत्या.

"आंटी, सहाला निघालात ना? मग पोचलात आत्ता?"

"सहापासून मागच्या दाराशी उभी होते गं. एकटीच! म्हटलं, यंदा गर्दी नाही."

"ते दार कधीच बंद झालं. वाट लागली असती ना तुमची! चाळिसाव्या आहात, शेवटच्या."

"साहेबाकडे माझी आजी स्वयंपाकाला होती. आमचं कोणी पुढून जात नसे."

"साहेब जाऊन जमाना झाला. तुम्ही तर इथेच शिकलात!"

"दहा वर्षं. आई मागच्या दारीच सोडायची."

"कोणी अडवलं होतं?"

"कोणाला विचारलंच नाही."

"आता नातीलाही मागूनच नेणार?"

"छे! जेनिस पुढूनच जाणार. नवे बूट घालून, सगळ्यांदेखत."

"आणि तुम्ही?"

"मी मागून वळसा घालेन. कुंपणातून दिसेल ना ती."