मास्तरांचा भ

हसा लेको, पण मास्तरांना हसू नका. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या लिंबायत वस्तीतले एक रिटायर मास्तर 'विणणे'चा हजारो वर्षांपूर्वीचा मूळ धातू शोधत होते. मी कापड विणायचो त्या लूमवर येऊन त्यांनी मला विचारलं, "आप्पा, अहिराणीत काय म्हणता?"

मी ठोकून दिलं, "वभनं!"

मास्तर उडालेच. "फारसीत 'बाफ्तन'चा फ, इंग्रजीत 'वीव्ह'चा व्ह, आणि मूळ धातूतला भ इथे जिवंत?"

वर्षभर त्यांनी त्यावर वही भरली. पुण्याला विद्वानांपुढे वाचायला निघाले, तेव्हा स्टेशनवर गाठून मी सांगून टाकलं, "मास्तर, थाप होती ती."

ते गाडीत चढलेच नाहीत. वही पुन्हा उघडली नाही.

आता मास्तर गेले. थट्टेत मी तो शब्द वापरत राहिलो, तर आता अख्खा कारखाना म्हणतो, "आप्पा, कापडाचा ताका वभून झाला!"

शब्द जिवंत झालाय हो. सांगू कुणाला?